पाच नंबरचा डबा

भिंतीचं उद्घाटन झालं त्या दिवशी भिंतीवर काहीच नव्हतं. चारशे मीटर लांब, दोन पुरुष उंच, चुना फासल्यासारखी पांढरी भिंत, आणि तिच्यासमोर मांडवात बसून सहाशे माणसं टाळ्या वाजवत होती. नगरसेविका मगदूम वहिनींनी नारळ फोडला आणि जाहीर केलं की, या भिंतीवरचे आपले पूर्वज आता तिळवण नदीचं रक्षण करतील. मी शेजारच्या माणसाला विचारलं, तुम्हाला पूर्वज दिसतायत का. तो म्हणाला, कोरी भिंत दिसतेय, पण टाळ्या वाजवायला काय जातं.

हे दोन हजार छत्तीस सालातलं. माझी बायको शालन जाऊन आठ महिने झाले होते. त्या भिंतीवर तीही होती, परीट घाटाच्या पायऱ्यांच्या बरोबर वर. म्हणजे तसं माझ्या मुलीने, ऋतुजाने, मला सांगितलं होतं. मी बायकोला बघायला गेलो आणि चुना बघून घरी आलो.

नदीकाठी चित्रं काढणाऱ्यांबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट होतं. मी आधीच्या दोन मोहिमा बघितल्या होत्या. पहिल्या वेळी कमळं काढली, तीन महिन्यांत त्यांच्यावर पानाच्या पिचकाऱ्या पडल्या. दुसऱ्या वेळी गावभागाचा नाला जिथे नदीत पडतो त्याच्या तोंडावर डॉल्फिन काढला. आमच्या जिल्ह्यात डॉल्फिन. त्याच्या पोटाखालून गटार वाहत होतं आणि त्याच्यासमोर उभे राहून लोक फोटो काढत होते, नाकाला रुमाल लावून.

पण मला बोलायचा अधिकार नव्हता हेही खरं आहे. आमच्या शहरात सूत आणि कापड रंगवायच्या कारखान्याला प्रोसेस म्हणतात. तिथे मी छत्तीस वर्षं कलर मास्तर होतो. होगाडे मास्तर म्हटलं की अजून लोक ओळखतात. कापडाचा तुकडा दाखवा, त्याचा रंग कशाकशाने आणि किती टक्क्यांनी बनलाय ते मी डोळ्यांनी सांगायचो. नदीचंही तसंच. सकाळी पुलावरून सायकलने जाताना खाली बघितलं की कळायचं, कुणाकडे टॉवेलचा लाल चाललाय, कुणाकडे लुंगीचा निळा. लोक म्हणायचे, मास्तर काय हुशार आहेत. हुशार माणसाने ते पाणी नदीत का सोडलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी मालकाकडे बोट दाखवलं असतं. वाल्व मात्र मीच फिरवायचो.

उद्घाटनाच्या रात्री जेवताना मी ऋतुजाला म्हणालो, "तुझ्या आईला चुन्याखाली गाडलीस काय?"

ती विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. चिडत नाही, हा तिचा शालनकडून आलेला गुण. "आप्पा, आठ दिवस थांबा," ती म्हणाली, आणि मला समजेल अशा भाषेत तिने सांगितलं.

तिने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी प्रोसेसच्या मागच्या गटारांतला गाळ गोळा केला होता. माझ्या प्रोसेसचाही. तिथे चाळीस-पन्नास वर्षं रंगाचं पाणी साचत होतं. रोज तेच विष समोर आलं की बहुतेक जंतू मरतात, पण थोडे ते खायला शिकतात. पिढ्यान्‌पिढ्या शिकत जातात, आणि जंतूंची पिढी म्हणजे अर्धा तास. अशा गाळातून तिने पाच जातीचे जंतू वेगळे काढले. एकेक जात एकेक प्रकारची घाण पचवते. मग तिने त्यांच्यात एक बदल केला. घाण पचवताना जंतूने स्वतःच्या अंगात थोडा रंग तयार करायचा. पहिल्या जातीने पिवळा, दुसरीने विटकरी, तिसरीने निळसर, असं. हे जंतू तिने चुना, वाळू आणि चिकट जेलीत कालवले. त्याचा गिलावा झाला. पाच डबे, पाच नंबर, दिसायला सगळे सारखेच पांढरे.

भिंतीच्या माथ्यावर एक पन्हळ आहे. सूर्यावर चालणारा पंप नदीचं पाणी तिच्यात चढवतो, ते भिंतीवरून झिरपत खाली येतं आणि परत नदीत जातं. पाण्यात घाण असेल तर गिलाव्यातले जंतू ती खातात आणि रंग धरतात. खायला मिळालं नाही की झोपून जातात, आणि अंगातला रंग पंधरा-वीस दिवसांत उन्हाने उडून जातो.

"म्हणजे नदी घाण असेपर्यंत चित्र दिसणार," मी म्हणालो.

"हो."

"आणि साफ झाली की जाणार."

"हो. मी सगळ्या सभांत सांगितलंय."

"कुणी ऐकलंय का?"

ती ताट उचलून मोरीत गेली.

चित्रं काढली होती नंदू पेंटरने. नंदू माझ्या गल्लीतला. ट्रकवर हॉर्न ओके लिहिण्यापासून आमदारांच्या वाढदिवसाच्या फलकापर्यंत सगळं त्याने रंगवलंय. प्रत्येक गल्लीतून घरच्या मेलेल्या माणसांचे फोटो मागवले, नंदूने बाह्यरेषा काढल्या, आणि गल्लीतल्या बायाबापड्यांनी हातांनी गिलावा भरला. इथे एक नंबर, तिथे तीन नंबर, असं. नंदू तेव्हा रोज माझ्याकडे येऊन कुरकुरायचा. "मास्तर, पांढऱ्यावर पांढरं काढायचं म्हंजे आंधळ्यानं आंधळीला डोळा मारल्यागत हाय. मारला की न्हाई, कुणालाच कळत न्हाई."

आठव्या दिवशी चेहरे आले.

मी पुलावरून जात होतो. खाली गर्दी होती आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती. भिंतीतून साडेतीनशे माणसं बाहेर येत होती. कुणाचं नाक आधी, कुणाचा फेटा आधी. बायका आपापलं माणूस शोधत भिंतीकडेने चालत होत्या. मी पायऱ्या उतरलो. परीट घाटावर शालन होती. बाकीचे चेहरे पिवळे, विटकरी, फिकट. शालन मात्र एकाच रंगात, गडद तपकिरी, सगळ्यांच्या आधी पूर्ण आलेली. नंदूने तिचं तोंड मिटलेलं काढलं होतं. ती पुढच्या दातातली फट लपवायला फोटोत तोंड मिटून घ्यायची, आणि नंदूला मी दिलेला तोच फोटो होता. मिटलेल्या तोंडाची शालन चाळीस वर्षांच्या संसारात मी फक्त फोटोत बघितलेली. तरी मी तिथे दोन तास उभा राहिलो.

पुढे जे झालं ते मला मान्य करायला आवडत नाही. वीस वर्षं प्रदूषणाच्या नोटिसा निघत होत्या, कोर्टात तारखा पडत होत्या, एक प्रोसेस बंद पडली नाही. या भिंतीने ते एका वर्षात केलं. कारण सोपं होतं, आणि लाज वाटण्यासारखं होतं. नदीत घाण सोडली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, पण आता ती घाण आपल्या आईच्या तोंडावरून ओघळत होती. गावभागातली माणसं माझ्या जुन्या मालकाच्या दारात जाऊन बसली. आमच्या बापाच्या तोंडावर पाणी सोडतोस काय, एवढाच एक प्रश्न विचारत तीन दिवस बसून राहिली. त्याच माणसांनी आयुष्यभर त्या नदीत घरचा कचरा टाकला होता. मालकाने चौथ्या दिवशी शुद्धीकरण केंद्राला पाइप जोडला. मग बाकीच्यांनी. नाले वळवले. भिंतीजवळ कुणी लघवीला उभं राहीना, समोर आजोबा बघत असल्यावर कोण उभं राहील? चित्रांवर माझा विश्वास नव्हताच. माणसांवरही नव्हता. दोघांनी मिळून नदी साफ केली, तरी माझं मत बदललेलं नाही, कारण पुढचंही मी बघितलं.

दुसऱ्या वर्षी चैत्रात चेहरे फिके पडायला लागले.

पाण्यात उभं राहिलं की घोट्यापर्यंत पाय दिसत होते. परीट घाटावर बायका परत धुणं आणायला लागल्या होत्या. त्यासाठीच सगळं केलं होतं ना? पण शहरात सुतक पसरल्यासारखं झालं. मगदूम वहिनींनी सभा बोलावली. परदेशातले पाहुणे दिवाळीनंतर भिंत बघायला येणार होते, आणि आता दाखवायचं काय? सभेत एक जण उठून म्हणाला की होगाडे मास्तरच्या पोरीने कच्चा रंग दिला. मी छत्तीस वर्षं पक्क्या रंगाचा मास्तर, आणि माझ्या मुलीला हे ऐकायला लागलं. ऋतुजाने उठून परत सांगितलं, रंग जातोय म्हणजे नदी बरी होतेय, ही आनंदाची गोष्ट आहे. सभेने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने कुणाच्या तरी मयताला पेढे वाटले.

मग पितृपंधरवडा आला आणि त्यातली अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिच्यासाठी ही तिथी. तिच्या नावाने एखाद्या सवाष्णीला जेवायला घालायचं, हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची. मी नंदूच्या बायकोला बोलावलं होतं. जेवून ती म्हणाली, आम्ही सगळ्याजणी आता भिंतीला जातोय, घाटावरच्या सवाष्णींना कुंकू लावायला. शिडी लावून बायकांनी चेहऱ्यांना मळवट भरले, पन्हळीत मूठमूठ कुंकू टाकलं.

चार दिवसांनी ते चेहरे उजळले.

शहर वेडं झालं. बातम्या आल्या. पुढच्या मंगळवारपासून बायकांबरोबर पुरुषही कुंकवाचे पुडे घेऊन रांगेत उभे राहिले. मी नंदूच्या दुकानात बसून हसत होतो. बाजारातलं स्वस्त कुंकू म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. हळदीचा आणि त्याचा संबंध फक्त पुडीवरच्या चित्रापुरता. आम्ही ज्या पोत्यातून लाल टॉवेल रंगवायचो त्याच पोत्याची ती चुलत बहीण. दोन नंबरचे जंतू उपाशी होते, त्यांना जेवण मिळालं. एवढा तो चमत्कार. आता लोक श्रद्धेने, हात जोडून, आपल्या हातांनी नदीत रंग सोडत होते. मालकाला निदान त्यात नफा तरी होता.

नंदू म्हणाला, "हसू नका मास्तर. आमच्या वहिनीला कुंकू न घालता रंग हाय म्हणून तुम्हाला हसू येतंय."

तो बरोबर बोलला. शालनचा चेहरा फिका पडलाच नव्हता. बाकी साडेतीनशे उडत होते आणि ती पहिल्या दिवसासारखी गडद. बायका म्हणायच्या, पुण्यवान बाई, अहेव गेली. मी वर तोंड करून हसायचो खरा, पण रोज सकाळी घाटावर जाऊन यायचो, आणि येताना पुलावर लोकांकडे अशा नजरेने बघायचो की जणू ते पुण्य माझंच होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी तिच्या कपाळाच्या कडेला पांढरं दिसलं. दुसऱ्या आठवड्यात डावी भुवई गेली.

माझ्या खाटेखाली एक पत्र्याचा डबा आहे. प्रोसेस सोडताना मी आणलेला. त्यात काळी पावडर होती, पाऊण डबा. कापसावर असा काळा रंग पुन्हा कुठल्याच रंगाने आला नाही. स्वस्त, एका उकळीत बसणारा, निळी झाक नसलेला. त्यावर नव्वदच्या दशकातच बंदी आली, तरी आम्ही आणखी दहा-बारा वर्षं वापरला. गिऱ्हाईक तोच काळा मागायचं. मी डबा का आणला? चांगल्या हत्याराला माणूस टाकत नाही म्हणून. शालन झाडताना तो डबा सरकवायची आणि परत जागेवर ठेवायची.

मास्तर कधी एकदम लॉट लावत नाही. आधी नमुना काढतो. मी एक चमचा पावडर थंड पाण्यात मळून घेतली, उकळतं पाणी ओतलं, चिमूटभर सोडा टाकला. शुक्रवार होता. आमच्याकडे यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते, घाटावर दुपारी कुणी नसतं. पन्हळीपर्यंत पायऱ्या आहेत. तांब्याभर पाणी तिच्या चेहऱ्याच्या वर ओतलं आणि घरी आलो. कुंकू टाकणाऱ्यांना मी अडाणी म्हणत होतो. ते अडाणी होतेच. मी जाणता होतो.

सोमवारी सकाळी भुवई परत आली होती.

मंगळवारी ऋतुजा घरी आली. पर्समधून कागद काढला, पण माझ्यासमोर ठेवला नाही, स्वतःच्या हातात धरून बसली. पाण्यात एक गोष्ट अचानक वाढली होती. गाळातून थोडी थोडी येते ती तशी नाही, वरून कुणीतरी टाकलेली. साधारण चमचाभर.

"आप्पा, तो जुना काळा अजून कुणाकडे असेल?"

"ज्यांच्याकडे असायचा ते मेले."

"सगळे?"

मी उठून चहा ठेवला. ती मागून आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आईला कोणता डबा लावला ते तुम्ही कधी विचारलं नाहीत," ती म्हणाली. "इतरांना एक ते चार मिसळून लावले. आईला मी स्वतः लावला, नुसता पाच नंबर. पाच नंबर बाकी काहीच खात नाही. तो काळा पाण्यात कुजला की त्याच्यातून बेन्झिडीन नावाचं विष सुटतं, त्याच्यावरच जगतो. मला बघायचं होतं, ते नदीत अजून आहे का. सगळ्यांच्या आधी आई दिसली. सगळ्यांत गडद. वीस-तीस वर्षांपूर्वीचं ते गाळात बसून होतं."

बायका ज्याला पुण्य म्हणत होत्या ते हे होतं. चहा उतू गेला, तिने गॅस बंद केला.

"मूत्राशयाचा कॅन्सर आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी आईला पहिला प्रश्न विचारला होता, तुम्ही रंगाच्या कारखान्यात होता का. तुम्ही रिपोर्ट आणायला खाली गेला होता. आई म्हणाली, कारखान्यात नाही, पण कपडे धुतलेत. बाहेर आल्यावर मला म्हणाली, आप्पांना सांगू नको."

शालन माझे कामाचे कपडे घरच्या नळावर धुवायची नाही. पोरीच्या कपड्यांना डाग लागतो म्हणून परीट घाटावर न्यायची. घरी येताना तिच्या हातांच्या रेघांत काळं असायचं. मी म्हणायचो, बघ, कसा पक्का रंग आहे. अविधवा नवमीला नवऱ्याआधी गेलेल्या बाईला मान असतो. नवऱ्यामुळे गेलेल्या बाईसाठी पंचांगात तिथी नाही.

"शुक्रवारी परत नमुना घेणार आहे," ऋतुजा म्हणाली. "तोपर्यंत अहवालात काही लिहीत नाही." चहा न घेता गेली.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. माझं उलट झालं. मला राग आला. सगळ्यांना आपापली आई सुंदर रंगात मिळाली आणि माझ्या बायकोचा चेहरा म्हणजे तपासणीची पट्टी. तो जाणार, कारण मुलगी म्हणते नदी बरी झाली पाहिजे. या नदीने माझ्या हातून टनांनी रंग प्यायलाय, मी स्वतःला म्हणालो, एका बादलीने काय होतंय? हे वाक्य मालक म्हणायचा. कचरा टाकणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. मी आयुष्यभर या वाक्यावर थुंकलोय, आणि तेच म्हणत मी शुक्रवारी बादलीत पावडर मळायला बसलो. नीट मळली. गुठळी ठेवली नाही. झाकण लावलं, रिक्षा केली, दोन वाजता घाटावर पोहोचलो.

घाटावर एक बाई धुणं धूत होती.

पंचविशीतली असेल. शालनच्या बरोबर खालच्या पायरीवर, जिथे भिंतीवरून ओघळलेलं पाणी नदीत पडतं, तिथे बसली होती. नवरा गॅरेजमध्ये असावा, शर्ट ऑइलने काळे होते. मी वरच्या पायरीवर बसलो. ती गेली की ओतायचं. ती जाईना. एक शर्ट घासायची, धरून बघायची, परत घासायची.

"मामा, वाट बघताय काय कुणाची?" तिने मान न वळवता विचारलं.

मी म्हणालो, असाच बसलोय.

"बसा की. ह्या आजी हायतच सोबतीला." तिने वर शालनकडे हनुवटीने दाखवलं. "सासू बघावी तशा बघत्यात. जरा साबण जास्त लावला की वाटतंय, आता वरडत्यात."

शालन ओरडलीच असती. साबणाची वडी संपत आली की ती नव्या वडीला चिकटवायची.

"घरी नळ नाही काय?" मी विचारलं.

"एक दिसाआड येतोय. आन् गेल्या सालापासनं हितलं पाणी चांगलं झालंय म्हणत्यात. हातबी खाजवत न्हाईत." ती उठली, कमरेवर हात ठेवून माझ्या बादलीकडे बघितलं. एकटा म्हातारा, शुक्रवारची दुपार, झाकलेली बादली, घाट. तिने जो अर्थ लावला तो कुणीही लावला असता. "मामा, तुमचं धुणं हाय व्हय? मामी न्हाईत? द्या हिकडं. हाताबरोबर पिळून टाकते."

आणि तिने झाकणाला हात घातला.

मी बादली ओढली. इतक्या जोरात की ती दचकली. झाकणाच्या फटीतून थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं. मी खिशातला रुमाल काढून पाय पुसला, पायरी पुसली, दगडाच्या खाचेत बोट घालून पुसली. रुमाल काळा झाला.

"लाजताय कशाला," ती हसत म्हणाली. "द्या, त्यो रुमाल तरी द्या."

तिचा हात पुढे आलेला होता. ओला, साबणाचा, रेघांत थोडं ऑइल.

मी रुमाल खिशात घातला, बादली उचलली आणि पायऱ्या चढलो.

वर रस्त्यावर आल्यावर कळलं की आता ही बादली रिकामी करायला जागाच नाही. छत्तीस वर्षं मी पाणी सोडलं, ते कुठे जातं हा प्रश्न कधी पडला नाही, कारण वाल्व फिरवला की ते जात होतं. आता मोरीत ओतलं तर गटारात, गटारातून केंद्रात, आणि केंद्रातून जेवढं सुटेल तेवढं नदीत. मातीत ओतलं तर विहिरीत. बादली हातात घेऊन मी पुलाच्या तोंडाशी पाऊण तास उभा होतो. दोन माणसांनी विचारलं, मास्तर, कुंकू आणलंय काय.

विद्यापीठाकडे जाणाऱ्या रिक्षात बसलो. बादली दोन पायांत धरली. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "जपून धरलंय. बासुंदी काय?"

"रंग आहे."

"होळीला लई वेळ हाय अजून."

ऋतुजा प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्यांवर नावं लिहीत होती. घाटावर निघायच्या तयारीत. तिने बादलीकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, त्यावर सुकलेला काळा ओघळ होता. मी म्हणालो, तो चमचा माझा होता. ती म्हणाली, माहीत आहे.

"उरलेला डबा?" तिने विचारलं.

"खाटेखाली."

"तोही आणा."

अहवालात तिने चमचा लिहिला. कुणी टाकला तेही लिहिलं. मी सांगितलं होतं लिही म्हणून, तरी तिने लिहिलेलं वाचताना मला राग आलाच. दंड झाला, तो भरला. सभेत माझं नाव वाचलं गेलं तेव्हा कुंकू टाकणारी तीनशे माणसं माझ्याकडे तुच्छतेने बघत होती. त्यांना तसं बघता आलं याचं मला अजून नवल वाटतं.

शालनचा चेहरा पौषात गेला. शेवटी मिटलेलं तोंड तेवढं राहिलं होतं, मग तेही गेलं. मी रोज जाऊन बघत होतो. गेल्यावर जाणं बंद केलं.

पन्हळीत कुंकू टाकायलाही बंदी आली आणि भिंत सात महिने पांढरी होती. मग मगदूम वहिनींनी निधी आणला आणि नंदूकडून सगळे चेहरे बाहेरच्या भिंतींना मारतात त्या प्लॅस्टिक रंगात परत काढून घेतले. दहा वर्षांची हमी आहे. ऋतुजा भांडली नाही, भिंतीचं काम संपलं होतं म्हणाली. नंदू सांगत होता, शालनवहिनींना मी चांगलं हसरं तोंड काढलंय, ओठ लाल केल्यात, येऊन बघा. मी गेलेलो नाही. भेट पुढे ढकललेले ते पाहुणे मग येऊन गेले, त्यांना फार आवडलं म्हणे.

ऋतुजाच्या प्रयोगशाळेच्या मागे एक बंद टाकी आहे. आत पाच नंबर लावलेली हातभर फरशी. रोज दुपारी मी हातमोजे आणि मुखपट्टी घालून बादलीतलं एक सपाट चमचा पाणी त्यात सोडतो. जास्त सोडलं तर जंतू मरतात, न सोडलं तर झोपतात. डब्यातली पावडरही मीच मळून बादलीत घातली. हे काम विद्यार्थ्यांना द्यायचं नाही, असं ऋतुजाने पहिल्याच दिवशी सांगितलं. ज्याचं आहे त्यानेच संपवायचं.

टाकीला काचेची खिडकी आहे. फरशी गडद तपकिरी झालीय, शालन होती तोच रंग. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसता रंग. ज्या दिवशी बादली संपेल त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत तीही पांढरी होईल. मग तो रंग या शहरात कुठेच राहणार नाही. ऋतुजाचं त्यासाठीच चाललंय.

सुरुवातीला बादली काठोकाठ होती. आता तळाशी चार बोटं राहिलीय. मी चमचा लहान केलेला नाही.